पाव मैलाची जागा

बेकर्सफील्ड हे अमेरिका बघायला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीतलं गाव नव्हे. तिथे ना नायगारा, ना डिस्नेलँड. कॅलिफोर्नियाच्या पोटात, तेलाच्या विहिरी आणि बदामाच्या बागा यांच्यामध्ये पसरलेलं रखरखीत गाव. आमचे जावई तेलाच्या व्यवसायात, म्हणून मुलगी तिथे आणि म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघंही तिथे. पहिल्या पंधरा दिवसांत बघण्यासारखं होतं ते बघून झालं, मुलीच्या फडताळातली मराठी पुस्तकं वाचून झाली. उरला शेजारी.

शेजारी ऐंशीचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला, बायको वारलेली, गॅरेजचं दार दिवसभर उघडं. आत एक विचित्र वाहन होतं. एखाद्या बोटीएवढं लांब आणि शिडीसारखं अरुंद, पुढे सायकलची शोभतील अशी दोन चाकं आणि मागे ट्रॅक्टरला लाजवतील अशी दोन. सौभाग्यवतींनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "अहो, तिरडीला चाकं लावल्यासारखं काय हे?" मी भाषांतर केलं नाही. पुढे ओळख वाढल्यावर केलं, तेव्हा म्हातारा इतका हसला की त्याला पाण्याचा पेला द्यावा लागला. म्हणाला, "तुमच्या मिसेसना सांगा, त्यांनी अगदी बरोबर ओळखलं."

ती ड्रॅगस्टर होती. उभ्या जागेवरून निघून सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे चारशे मीटर, कोण आधी पोचतो एवढीच ती शर्यत. वळण नाही, फेरी नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि आठ-नऊ सेकंदांत सगळं संपायचं. त्या काळच्या या गाड्यांना तिकडे गलोल म्हणत, कारण चालवणारा मागच्या आसाच्याही मागे बसायचा, गलोलीतल्या खड्यासारखा. पाय आसावरून पलीकडे टाकलेले आणि इंजिन थेट तोंडासमोर. गिअरबॉक्स नाही. ऐन इंजिनाची ताकद एका क्लचमधून थेट मागच्या चाकांना. इंजिन फुटलं, तर ते कुणाच्या अंगावर फुटणार हे सांगायला नको.

त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी ही गाडी १९६१ साली बांधायला घेतली. एकाला वेल्डिंग येत होतं, एकाला इंजिन कळत होतं आणि तिसऱ्याला, म्हातारा म्हणाला, "फक्त भीती वाटत नव्हती." तो तिसरा म्हणजे हाच. भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली १९५८ ची क्रायस्लर मिळाली. तिच्यातलं ३९२ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचं हेमी इंजिन त्यांनी काढलं. इंजिनात जोराने हवा कोंबायला ब्लोअर हवा. तो एका मोडीतल्या बसचा. जनरल मोटर्सची दोन स्ट्रोकची डिझेल इंजिनं असत. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून सिक्स-सेव्हंटीवन. त्यांच्यावरचा हवा फुंकणारा डबा या पोरांनी शर्यतीच्या इंजिनावर चढवला. थांबण्यासाठी पॅराशूट हवं, ते सैन्याच्या जुन्या मालातून आणलं. फाटलेलं होतं, ते बायकोनं शिवणयंत्रावर सांधलं. "लग्नाला तीन महिने झाले होते," तो म्हणाला, "आणि तिनं दुहेरी शिवण घातली होती."

आता त्या इंधनाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. नायट्रोमिथेन हा रंगहीन द्रव. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. एक किलो नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोसुद्धा लागत नाही, कारण प्राणवायूचा मोठा वाटा ते आपल्या रेणूतच घेऊन येतं, पंक्तीला येताना स्वतःचं ताट घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखं. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या जेमतेम चौथाई. पण तेवढ्याच हवेत ते आठपट जास्त ओतता येतं, म्हणून त्याच इंजिनातून ताकद दुपटीहून जास्त निघते. ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी खूप आधी द्यावी लागते. जास्त झालं आणि एखाद्या सिलिंडरमध्ये न जळता साचलं, तर द्रव काही दाबला जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि लोखंडी ब्लॉक फुटतो. हे कमी होतं म्हणून की काय, साठच्या दशकात काही जण त्यात हायड्राझिनचे थेंब टाकत. ते मिश्रण वेळेत वापरलं नाही, तर डब्यातच स्फोट होऊ शके. "तुम्हीही टाकलंत?" मी विचारलं. म्हातारा पान्हा पुसत राहिला. मी बँकेत सत्तावीस वर्षं कर्जविभाग सांभाळला आहे. गप्प राहून दिलेला होकार मला कळतो.

तो मला फमोसोला घेऊन गेला. बेकर्सफील्डच्या उत्तरेला ही जुनी धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या शिक्षणासाठी बांधलेली. तिथेच १९५९ च्या मार्चमध्ये गावातल्या स्मोकर्स नावाच्या क्लबनं इंधनाच्या गाड्यांची मोठी शर्यत भरवली. फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स नावाचा कुणी तरुण अफाट वेगाचे दावे करतो आहे, तो खरा की थापाड्या हे बघायला पश्चिमेकडची सगळी मंडळी जमली. गार्लिट्स आला, हरला. जिंकला तो आर्ट क्रिसमन. शेजारी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि कुंपणापाशी उभा होता. पुढे हाच गार्लिट्स या खेळातला सर्वांत मोठा माणूस ठरला, १९६४ साली ताशी दोनशे मैल ओलांडून गेला, आणि त्याची एक गाडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहाच्या मालकीची आहे.

आम्ही गेलो त्या ऑक्टोबरात तिथे जुन्या गाड्यांचा मेळावा होता. १९९२ पासून भरत आलेला. त्यात संध्याकाळी एक कार्यक्रम असे, कॅकलफेस्ट. कॅकल म्हणजे कोंबड्यांचा कलकलाट. शर्यत नाही, नुसती इंजिनं सुरू करायची आणि आवाज ऐकायचा. एकेक जुनी गाडी मागून ट्रकनं ढकलत आणतात. तेलाचा दाब चढेपर्यंत चालक ठिणगी बंद ठेवतो, मग कळ टाकतो, आणि मेलेलं लोखंड जागं होतं. हा आवाज आपल्या ओळखीचा नाही. नेहमीच्या इंजिनाची घरघर एकसारखी असते. याची लय तुटक, चिडखोर, दर क्षणी बंद पडेल असं वाटायला लावणारी. अंधार पडत गेला तशा नळकांड्यांतून ज्वाळा दिसू लागल्या. धूर आमच्याकडे वळला तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी. आजूबाजूची सत्तर-ऐंशीची माणसं, कुणी काठी घेऊन, कुणी चाकाच्या खुर्चीत, सगळ्यांचेच डोळे वाहत होते आणि कुणीच पुसत नव्हतं. धुरानं किती आणि बाकीच्यानं किती, हे मला सांगता येणार नाही.

तिथेच मी त्याला तो प्रश्न विचारला, जो पंधरा दिवस जिभेवर होता. तुम्ही या सगळ्यात पडलात कसे, आणि जगलात कसे? तो म्हणाला, "रस्त्यावर होतो. मग जागा मिळाली."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळ वेळा मनाशी म्हटलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात हजारो तरुण परत आले. हातात कसब, खिशात थोडे पैसे, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या. रात्री रस्त्यावर शर्यती लागत. लोक मरत, आणि शर्यतीत नसलेलेही मरत. वर्तमानपत्रं या पोरांना गुंड म्हणत. पोलिस पकडत, दंड करत, सोडत, पुन्हा पकडत. मग काही लोकांनी निराळा विचार केला. १९५० मध्ये सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर दर रविवारी तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये हॉट रॉड मासिकाचा संपादक वॉली पार्क्स यानं राष्ट्रीय संघटना स्थापली. १९५४ मध्ये या संघटनेनं चौघांची एक तुकडी मोटार आणि ट्रेलर देऊन देशभर पाठवली. गावोगावी जायचं, मोकळी धावपट्टी शोधायची, शर्यत कशी भरवावी, गाडी कशी तपासावी, प्रेक्षक किती दूर उभे करावेत हे तिथल्या लोकांना शिकवायचं. त्या तुकडीचा म्होरक्या पोमोनाच्या पोलिस खात्यात काम केलेला माणूस होता. आणि लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ १९५५ साली जी धावपट्टी सुरू झाली तिला पैसा पुरवला तिथल्या लायन्स क्लबांनी. आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं भरवतात, तेच लायन्स.

हे सगळं संतांचं काम होतं असं नाही. ज्या संघटनेनं पोरांना जागा दिली, तिनंच १९५७ मध्ये नायट्रोवर बंदी घातली आणि साठच्या दशकात ती मागे घेतली, कारण गर्दी नायट्रो बघायला येत होती. लायन्सच्या धावपट्टीवर ८ मार्च १९७० रोजी गार्लिट्सच्या पायाखालचा ट्रान्समिशनचा भाग फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचं अर्धं पाऊल गेलं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं इंजिन चालकाच्या मागे न्यायचं ठरवलं. १९७१ मध्ये ती गाडी जिंकली आणि काही वर्षांत गलोली इतिहासजमा झाल्या. ती धावपट्टी मात्र १९७२ च्या अखेरीस बंद झाली. शेजारच्या वस्तीला आवाजाचा जाच होत होता. त्यांचंही खोटं नव्हतं. आणि माणसं मरायची थांबली का? नाही. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा हा अनुभवी चालक गेला, तेव्हा सर्वांत वेगवान वर्गांसाठी पाव मैलाचं अंतर हजार फुटांवर आणलं. आजच्या त्या गाड्या एवढ्या अंतरात ताशी तीनशे तीस मैलांच्या वर जातात. म्हाताऱ्याला त्यात रस नाही. "ती कंपन्यांची गाडी. त्यात बायकोची शिवण कुठे असते?"

बायकोवरून आठवलं. सौभाग्यवती एरवी कंटाळल्या होत्या, पण शर्ली मल्डाउनीची हकीकत त्यांनी दोनदा सांगायला लावली. रस्त्यावरच्या शर्यतींतून पुढे आलेली ही बाई १९७३ मध्ये सर्वोच्च वर्गाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरली आणि १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा अजिंक्य झाली. १९८४ च्या अपघातात पायांचा चुरा झाला, तरी परत आली. "बघा," एवढंच आमच्या घरातून उद्गारलं गेलं. ते कुणाला उद्देशून, हे मी विचारलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो कॅलिफोर्नियातला नाही, कोल्हापुरातला आहे.

१९८८ साली मी कोल्हापुरात एका बँकेच्या शाखेत कर्जविभाग बघत होतो. उद्यमनगरातले लेथवाले, फाउंड्रीवाले आमचे खातेदार. त्यांतल्या एका टर्नरच्या मुलाला मी मोटरसायकलसाठी चौदा हजारांचं कर्ज मंजूर केलं. वडील जामीनदार. मुलगा वीस-एकवीसचा, आयटीआय झालेला, हाताला विलक्षण. वर्षभरात त्यानं त्या शंभर सीसीच्या गाडीचं काय केलं नव्हतं? सिलिंडरची भोकं घासून मोठी केली, हेडची चकती वडिलांच्याच लेथवर उतरवली, कार्ब्युरेटर दुसऱ्या गाडीचा बसवला, सायलेन्सर स्वतः वळला. हप्ता भरायला यायचा तेव्हा काउंटरवर कागद पसरून मला आकृत्या काढून दाखवायचा. मला निम्मं कळायचं नाही. मी म्हणायचो, "गाडी बँकेकडे तारण आहे रे बाबा, जपून." तो हसायचा.

१९८९ च्या हिवाळ्यात पहाटे पुणे-बंगलोर महामार्गावर शर्यत लागली. रस्त्याकडेला दिवा न लावता उभा असलेला ट्रक. दोन पोरं गेली, त्यातला हा एक.

विम्याचा दावा नाकारला गेला. वेगाची चाचणी किंवा शर्यत चालू असताना झालेलं नुकसान भरून मिळत नाही, असं कलम होतंच. गाडीचं भंगार झालेलं. उरले जामीनदार. नियमाप्रमाणे त्यांना नोटीस गेली. त्या नोटिशीवर माझी सही आहे. वडील आले, नोटीस टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सायेब, हप्ते मी भरतो. एवढं कागद पाठवायचं नव्हतं." पुढे सव्वीस महिने ते स्वतः येऊन रोख भरत राहिले, एकदाही उशीर न करता. मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत माणसं मारलीही, पण हे कुठे लिहू शकलो नाही.

गावात तेव्हा सगळे काय म्हणत होते ते आठवतं. मस्ती. बापाच्या जिवावर उड्या. असल्या पोरांना फोडून काढलं पाहिजे. मीही म्हणालो असेन. आजही तेच म्हणतो आपण. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमात परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं ते कडक केलं. चांगलं केलं. शहरोशहरी पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात आणि फोटो छापून येतो. माझा त्यालाही विरोध नाही, माझ्याही झोपेची वाट त्या सायलेन्सरांनी लावली आहे. पण ते चिरडलेले नळ बघताना मला दर वेळी वाटतं, यातला एखादा कुणीतरी हातानं वळलेला असेल. तो वळणाऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा, हे तुला येतं कसं?

शिक्षा आहे, जागा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याला हे परकं आहे असंही नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक दशकं शर्यती भरत होत्या, १९९० मध्ये तिथल्या क्लबनं इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक केला. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात ड्रॅगच्या शर्यती झाल्या, पण तिथे परदेशी गाड्यांची मिरवणूक जास्त. उद्यमनगरातल्या पोरानं तिथे काय घेऊन जायचं? आणि जागा नाहीतच असं कोण म्हणेल? कराड आणि धुळ्याला धावपट्ट्या आहेत, तिथे नियमित प्रवासी विमान उतरत नाही. महिन्यातला एक रविवार, सकाळचे चार तास. आरटीओचा एक निरीक्षक, पॉलिटेक्निकचे दोन प्राध्यापक गाडी तपासायला, एक रुग्णवाहिका, शिरस्त्राणाशिवाय प्रवेश नाही. बैलगाडा शर्यतीसाठी आपण २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, सर्वोच्च न्यायालयात भांडलो आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाकडून तो मान्य करून घेतला. बैलांसाठी एवढं जमलं.

मला याची उत्तरं माहीत आहेत. विमानतळाची सुरक्षा, अपघात झाला तर जबाबदार कोण, रस्त्यावरच्या शर्यती त्यानं थांबतील याची खात्री काय. खात्री नाही. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आजही पोरं शर्यती लावतात, इतक्या वर्षांनंतरही. माझ्या शेजाऱ्याच्या तिघांपैकी वेल्डिंगवाला १९६६ मध्ये धावपट्टीवरच गेला, सगळे नियम पाळून. हे त्यानं मला शेवटच्या दिवशी सांगितलं, विमानतळावर सोडायला येताना, सिग्नलपाशी. मग सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही दुसरं बोलू लागलो. नायट्रोची तर मी कुणाला शिफारसच करणार नाही. पण चौघांतला एक जरी महामार्गावरून धावपट्टीवर आला, तरी समोरून येणारा दुधाचा टेंपो वाचतो. आणि दिवा न लावलेला ट्रक धावपट्टीवर उभा नसतो.

२०१९ च्या जानेवारीत मी कोल्हापूरला गेलो होतो. उद्यमनगरात तो गाळा अजून आहे. लेथ आता पुतण्या चालवतो, अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. वरच्या फळीवर, विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी, एक सिलिंडर हेड ठेवलेलं होतं, तेलाचं बोट फिरवून स्वच्छ राखलेलं. मी काही बोललो नाही. चहा आला. मग मी खिशातून फोन काढला आणि फमोसोची ती संध्याकाळ लावली.

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून फोन कानाशी धरला.

"टायमिंग लई पुढं ठेवलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो, त्या इंधनाला तसंच लागतं."

"गाडी कुणाची?"

"माझ्या मुलीच्या शेजाऱ्याची. पोरवयात त्यानंच बांधली."

"वय काय त्याचं?"

"ऐंशी."

अण्णा थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "परत लावा की, सायेब."